पश्चिमेकडे उतरलेलं पाणी

ब्रह्मगिरीच्या रांगेवर कोसळणाऱ्या एकाच सरीचं पाणी दोन समुद्रांत वाटलं जातं. पूर्वेच्या अंगाला पडलेला थेंब गंगाद्वाराच्या बाजूनं उतरतो, गोदावरीचा होतो आणि १,४६५ किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेच्या उतारावरचा थेंब वैतरणेला लागतो. त्याचा समुद्र खूप जवळ आहे, अर्नाळ्यापाशी. पण वाटेत त्याला धरणं अडवतात, तिथून तो जलवाहिनीत शिरतो आणि मुंबईत नळाला येतो.

त्र्यंबकेश्वरात पहिल्या थेंबाचं सगळं यथासांग होतं. कुशावर्त कुंडावर पहाटेपासून संकल्प सुटत असतात, बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, देशभरातून माणसं येऊन त्या पाण्यात उभी राहतात. दुसऱ्या थेंबाकडे मात्र गावाची पाठ आहे. मी इथेच वाढले. वैतरणा म्हणजे घोटीकडच्या रस्त्यावरचं धरण, याच्या पुढे मला कित्येक वर्षं काही ठाऊक नव्हतं.

मुंबईचंही तसंच. आमच्याकडून मुंबईला जायचं ते काम निघालं म्हणून. टाटा हॉस्पिटल, केईएम, हायकोर्ट, मंत्रालय, परीक्षा, नाहीतर डोंबिवली-कल्याणच्या नातेवाइकांकडचं लग्न. काम झालं की संध्याकाळची गाडी धरून परत. जगभरचे लोक जे बंदर बघायला समुद्र ओलांडून येतात, ते आम्ही साडेतीन-चार तासांवर राहून बघितलेलं नसतं. आमचं गाव दिवसभर यात्रेकरूंनी वाहत असतं, पाहुण्यांची नजर आम्हाला पाठ झालेली असते. आपण स्वतः कुठे पाहुणे म्हणून जावं हे सुचत नाही. गेल्या हिवाळ्यात निवृत्तिनाथांची पौषवारी आटोपली, दिंड्या परतल्या, गाव जरा मोकळं झालं, तेव्हा मी ठरवलं की मुंबईला काहीही काम न काढता जायचं, आणि जायचं ते पश्चिमेकडे उतरलेल्या पाण्याच्या मागोमाग.

हा रस्ता नवा नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली लेणी, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, तिथे दहाव्या लेण्यात उषवदाताचे शिलालेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई. साधारण १,९०० वर्षांपूर्वीचा हा माणूस आपण कुठे कुठे काय दान केलं ते सांगतो: भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्यानं प्रवाशांना उतरायला घरं बांधली. गोवर्धन नाशिकला लागून, आणि शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा. त्यापुढे तो नद्यांची नावं देतो, पार, दमण, तापी, डहाणू वगैरे, आणि या नद्यांवर पैसे न घेता नावेनं पलीकडे नेण्याची सोय केल्याचं लिहितो. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं. बंदराकडे जाणाऱ्या माणसाला रात्री छप्पर मिळावं आणि नदी आडवी आली तर खिशात हात घालावा लागू नये, याचा विचार तेव्हा कुणीतरी केला आणि दगडात कोरून ठेवला.

त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या एका लेखात व्यवहारही आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्यानं ३,००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजानं ठेवली. २,००० दरमहा शेकडा एक दरानं आणि १,००० पाऊण दरानं. नाशकातल्या विणकरांकडे ठेवीचं व्याज वर्षानुवर्षं देत राहण्याइतका चालता धंदा होता. त्यांचं कापड घाट उतरून सोपाऱ्याला जात असणार, असं मला वाटतं. सतराव्या लेण्यात तर उत्तरेकडच्या दात्तामित्री गावचा इंद्राग्निदत्त नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, दाता आहे. वसईची खाडी दक्षिणेला आणि वैतरणेची खाडी उत्तरेला, अशा दोन खाड्यांच्या मधल्या भूमीवर सोपारा वसलं होतं. म्हणजे आमच्या डोंगरातलं पाणी जिथे समुद्राला मिळतं त्याच्या शेजारीच त्या काळचं मोठं बंदर होतं. मुंबईची सात बेटं तेव्हा मिठागरं आणि कोळीवाडे घेऊन गप्प पडली होती.

सोपारा गाळानं भरलं आणि मागे पडलं. पण त्याच्या खुणा मुंबईत बघायला मिळतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्यात मिळालेले करंडक टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या सोपाऱ्यातल्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पर्यटक म्हणून मुंबईत उतरणाऱ्यानं सुरुवात इथून करावी असं मी सांगेन. गेटवे नंतर पाहावा. आधी या किनाऱ्यावरचं जुनं बंदर डोळ्यांखालून घालावं, म्हणजे नव्याचं वय कळतं.

त्र्यंबकहून खाली उतरायचे दोन मार्ग. एक आंबोलीच्या बाजूनं मोखाडा-जव्हारकडे. १६६४ साली सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते. तिथे स्मारक आहे. त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावरचं श्रीमंत बंदर सुरत होतं आणि घाटावरून तिकडे जाणारी वाट याच रानातून होती. दुसरा मार्ग नाशिकरोडहून थळघाटानं. मी पंचवटी एक्स्प्रेसनं गेले. या गाडीत रोज मुंबईला जाऊन परत येणारे नोकरदार आहेत. त्यांच्या डब्यात वाढदिवस होतात, हळदीकुंकू होतं.

इगतपुरी ते कसारा हा उतार ३७ फुटांना एक फूट आहे. वर चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. हा घाट १८६५ साली रेल्वेला खुला झाला, आणि ते साल विसरता येत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत आणायला हा लोखंडी रस्ता घाटात चढत होता. तो इगतपुरीला पोहोचला त्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले शेअर कागद झाले. घाटातले बोगदे खोदणारे हजारो मजूर पटकीनं, तापानं, पडून-झडून गेले; त्यांचं नाव कुठल्या स्टेशनला नाही. गाडी बोगद्यातून बाहेर येते, खाली दरी दिसते आणि डब्यातले लोक बिनघोर डुलक्या घेत असतात. त्यांचा रोजचा रस्ता आहे. मला मात्र त्या दिवशी खिडकी सोडवेना.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबद्दल फार लिहीत नाही. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ती इमारत सगळ्यांनी चित्रात पाहिली आहे. एवढंच सांगते की १८५३ साली पहिली गाडी सुटली ती इथल्या बोरीबंदरातून. रेल्वेचा पहिला पाय बंदरावर होता.

माझी आतेबहीण डोंबिवलीत राहते. तीस वर्षं फोर्टात नोकरी केली, पण पर्यटक म्हणून तिनंही कधी मुंबई पाहिली नव्हती. ती म्हणाली, “ताई, ससून डॉक बघायचा असेल तर सूर्य उगवायच्या आत.” आम्ही कुलाब्याला मुक्काम केला आणि अंधारातच निघालो.

ससून डॉक १८७५ सालचा, अल्बर्ट ससून यांनी बांधलेला. पश्चिम भारतातला पहिला ओला डॉक, म्हणजे भरती-ओहोटीला न जुमानता जिथे गलबतं तरंगती राहतात असा. कापसासाठी बांधला, आता मासळीचा आहे. ट्रॉलर एकाला एक बिलगून उभे, त्यांच्यावरून टोपल्या हवेतून धक्क्यावर झेलल्या जातात, बर्फ फोडण्याचा आवाज, पायाखाली पाणी, आणि लिलाव इतक्या भराभर की आकडे कानावर पडेपर्यंत सौदा तुटलेला. सुरमई, बांगडा, हलवा, माकुल, बोंबील, आणि कोळंबीचे तर ढीग. शेडमध्ये बायका ओळीनं बसून कोळंबी सोलतात; बोटं इतकी वेगानं चालतात की बघणाऱ्याची नजर मागे पडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा इथे यायचं नाही. फोटो काढायचा तर विचारून काढावा. ही त्यांची कामाची जागा आहे आणि आपण आडवे येत असतो. मला दोनदा ऐकावं लागलं, “बाय, वाट सोड गो!” आणि ते बरोबरच होतं.

एका कोळणीनं मी कुठली ते विचारलं. त्र्यंबकची म्हटल्यावर तिनं हातातली पाटी खाली ठेवली. तिच्या घरातल्या कुणाचा तरी समुद्रात अंत झाला होता, देह मिळाला नव्हता, आणि त्याचा नारायणबळी करायला सगळं कुटुंब आमच्या गावाला येऊन गेलं होतं. कुठल्या गुरुजींकडे उतरले, कुशावर्ताचं पाणी किती गार होतं, सगळं तिच्या लक्षात होतं. आमच्याकडे रोज असे विधी चालतात; पांढरी वस्त्रं नेसलेली माणसं रांगेनं जाताना आम्ही पाहतो आणि आपल्या कामाला लागतो. ती माणसं कुठून येतात हे मला त्या ओल्या धक्क्यावर उभी राहिल्यावर कळलं. तिनं पैसे न घेता मूठभर सुकट कागदात बांधून दिली.

गिरगावात मी गेले ती दादासाहेब फाळक्यांसाठी. ३० एप्रिल १८७० ला त्यांचा जन्म आमच्या त्र्यंबकेश्वरातला, घर शास्त्री-पंडितांचं. वडील मुंबईला अध्यापनासाठी आले आणि मुलगा १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, १९१२ साली बोटीनं लंडन गाठलं, कॅमेरा घेऊन परतले आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्याच कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पौराणिक कथा त्यांनी त्र्यंबकच्या घरातून आणल्या होत्या. त्या पडद्यावर हलवायचं यंत्र, फिल्म, रसायनं सगळं बंदरातून आलं. मला वाटतं, फाळके नुसते त्र्यंबकला राहिले असते तर कीर्तनकार झाले असते, आणि नुसते मुंबईचे असते तर उत्तम छायाचित्रकार. दोन्ही गावं त्यांच्यात होती म्हणून भारतीय सिनेमा झाला. आमच्या गावात या माणसाची आठवण आहे त्याहून खूप मोठी असायला हवी.

गेटवे, ज्या जागेला जुनी माणसं पालवा बंदर म्हणतात, तिथून घारापुरीची लाँच मिळते. ४ डिसेंबर १९२४ ला ही कमान खुली झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी तिच्याखालून निघून गेली. म्हणजे ज्या सत्तेनं ती बांधली तिला ती जेमतेम पाव शतक मिळाली. लाँच तासाभरात पोहोचवते. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात नौदलाच्या स्पीडबोटीची प्रवासी बोटीला धडक बसून माणसं गेली, तेव्हापासून लाइफ जॅकेटवर लक्ष असतं. चढताच घालावं, लाजू नये.

शहर पाण्यावरून पाहिलं की त्याचा खरा चेहरा दिसतो. मुंबईचं तोंड पूर्वेला आहे, या शांत, आडोशाच्या पाण्याकडे. मरीन ड्राइव्ह ही तिची पाठ. लाँचमधून एका बाजूला बॅलार्ड पिअर आणि जुन्या गोद्या, पुढे जवाहर द्वीपावर तेल उतरवणारी जहाजं, उत्तरेला दूर अटल सेतूची रेघ, आणि समोर न्हावा-शेवाच्या क्रेन. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरानं मुंबईचा कंटेनरचा धंदा खाडीपलीकडे नेला. त्या क्रेनकडे बघताना माझ्या डोळ्यांसमोर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा होत्या. जानेवारीपासून आमच्याकडची द्राक्षं खोक्यांत बसून, शीतकंटेनरमधून याच धक्क्यावर येतात आणि युरोपला निघतात. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा बोटींना आफ्रिकेला वळसा घालून जावं लागलं, प्रवासाचे दिवस वाढले, आणि येमेनच्या बातम्या निफाडच्या पारावर काळजीनं वाचल्या जाऊ लागल्या. बंदर आपल्यापासून दूर आहे असं आमच्या शेतकऱ्याला आता कुणी सांगू नये.

घारापुरीवर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं. समोर रात्रभर मुंबई झगमगत असताना या बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून टाकलेल्या केबलनं. जेट्टीपासून पायऱ्या चढून लेण्यापाशी येईपर्यंत दोन्ही बाजूंना दुकानं, आमच्या गावासारखीच.

आत गेलं की बोलणं थांबतं. सहाव्या शतकातलं हे शिवालय कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळातलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात; त्याची नाणी या बेटावर सापडली आहेत आणि नाशिकच्या मुलखातही. समोरच्या भिंतीत वीस फुटांच्या आसपास उंच त्रिमुख सदाशिव. त्र्यंबकच्या माणसाला तीन या आकड्याचं अप्रूप नसतं. आमच्या गाभाऱ्यात वर आलेलं लिंग नाही. खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. तिथे देव बघायला वाकावं लागतं, इथे मान वर करावी लागते.

पण मी थांबले ते सदाशिवाच्या शेजारच्या शिल्पापाशी. आपण तोंड करून उभे राहिलो की उजवीकडे गंगाधर येतो. शिव उभा आहे, शेजारी पार्वती, आणि वर आकाशातून गंगा उतरते आहे, तीन मस्तकांची. आमच्याकडे ही गोष्ट लहान पोरालाही येते. गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर तप केलं, शंकरानं जटा आपटल्या, गंगा उतरली. जिथे आपटल्या ती जागा आजही डोंगरावर दाखवतात. ती गोष्ट खारट पाण्यानं वेढलेल्या बेटावर, गोड पाण्याचं मोल ज्यांना रोज कळत असेल अशा लोकांनी दगडात उतरवली. पोर्तुगीज काळात इथली बरीच शिल्पं फुटली, हात-पाय गेले. गंगा मात्र अजून उतरते आहे. माझी बहीण म्हणाली, “तीस वर्षं समोर होते गं मी.” तिचे डोळे भरले होते. (सोमवारी मात्र घारापुरी बंद असते. आमच्याकडे सोमवार म्हणजे पाय ठेवायला जागा नसण्याचा दिवस. शिवभक्तांनी वार बघून निघावं.)

बाणगंगेवर आम्ही थोडाच वेळ होतो. समुद्राला लागून असलेला, १७१५ साली रामा कामतीनं पुन्हा बांधलेला हा पायऱ्यांचा तलाव कुशावर्ताची आठवण देतो, आणि इथेही पितरांचे विधी चालतात. तिथून वर मलबार हिलची फिरोजशहा मेहता बाग, आपली हँगिंग गार्डन. लोक हिरवळीवर बसून भेळ खातात. त्या हिरवळीखाली पाण्याचा मोठा जलाशय आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

तसाच दुसरा जलाशय माझगावच्या टेकडीवर, भंडारवाड्याचा. हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोडला उतरून पाच मिनिटं चढलं की जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान लागतं. काका बॅप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, पुढे मुंबईचे महापौर. मुंबईत एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हे सांगेन. इथून सगळं बंदर नजरेच्या टप्प्यात येतं: माझगाव डॉकमधल्या युद्धनौका, भाऊच्या धक्क्याकडून मोरा-रेवसला जाणाऱ्या लाँचेस, प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांची जागा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन हे कापूस आणि दारूगोळा भरलेलं जहाज फुटलं. आग विझवताना ६६ अग्निशामक गेले. आणि आपण उभे असतो त्या जमिनीखाली पाणी साठवलेलं असतं, घाटाकडून आलेलं.

मुंबईला पाणी पुरवणारे सात तलाव. १८६० चा विहार, मग तुळशी, १८९२ चा तानसा. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला, अभियंता नानासाहेब मोडकांच्या नावानं. त्याच्या वर अप्पर वैतरणा १९७० च्या दशकात, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. सातही तलावांचा मिळून साठा साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातला सुमारे ३८ टक्के वैतरणेवरच्या या तीन धरणांत. ससून डॉकवर फोडला जाणारा बर्फ, ताजमधला चहा, धारावीतल्या नळावरची कळशी, यांत ब्रह्मगिरीच्या पश्चिम उताराचा वाटा आहे. एवढं मोठं बंदर खाऱ्या पाण्याच्या काठावर तगलं ते डोंगरातल्या गोड पाण्यावर. मुंबईच्या कुठल्याही सहलीत हे दाखवत नाहीत, आणि दाखवायला हवं.

२०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. मुंबईहून लाखो माणसं आमच्याकडे येतील, बहुतेक सगळी महामार्गानं थेट नाशिकला जाऊन. माझं त्यांना सांगणं आहे की घोटीला वळा आणि धरणाच्या बाजूनं त्र्यंबकला या. कुशावर्तात उतरण्याआधी आपण रोज पितो ते पाणी कुठे साठलंय ते बघा, त्याला हात लावा. ज्यांना जमेल त्यांनी सिंहस्थाची वाट न बघता एप्रिल-मेमध्ये यावं आणि आणखी थोडं पश्चिमेला, मोखाड्याच्या पाड्यांवर जावं. धरणं उशाशी असताना तिथे दर उन्हाळ्यात टँकर लागतात. टँकर आला की तो विहिरीत रिकामा करतात आणि वारली, कोकणा, कातकरी बायका दोर सोडून ते पाणी पुन्हा वर ओढतात.